थंडीत फुलपाखरं कुठं जातात?



गटाच्या बैठकीला आपल्यासोबत लेकरंही येतात. इकडं हप्त्याचा हिशोब चाललेला असतो आणि तिकडं त्यांचे प्रश्न. त्यातला एक प्रश्न दिवाळीनंतर हमखास येतो. महालक्ष्म्यांच्या दिवसांत बांधाबांधावर दिसणारी फुलपाखरं आता कुठं गेली? त्यांना थंडी वाजत नाही का?

आपण घाईत सांगून टाकतो, "मेली असतील," नाहीतर "झोपली असतील." मोबाइलवर शोधलं तर बर्फाळ देशांतली चित्रं निघतात. सगळीकडं पांढरं झालेलं असतं आणि झाडाच्या सालीत एक फुलपाखरू लपलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते आपल्या गावचं नाही. म्हणून आज आम्ही आपल्या जालन्याच्या फुलपाखरांची गोष्ट सांगणार आहोत. अंगणवाडीतल्या आणि पहिली-दुसरीतल्या लेकरांना ती कशी समजावायची, तेही सांगू. आणि शेवटी अंगणातल्या पाचोळ्याबद्दल एक विनंती करू.

थंडी थोडी, कोरड फार

आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 अंशांवर येतो. एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो. पण दहा वाजले की स्वेटर काढावासा वाटतो. म्हणजे फुलपाखराला गारठा सोसायचा तो रात्रीचा आणि पहाटेचा.

खरी अडचण दुसरीच आहे. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. दिवाळीनंतर बांधावरचं गवत पिवळं पडतं, तरोटा वाळून शेंगा वाजायला लागतात. फुलपाखरू स्वतः फुलातला रस पितं, पण त्याच्या अळीला कोवळी, हिरवी पानं लागतात. ती पानंच नसतील तर अंडी घालून उपयोग काय? म्हणून आपल्या फुलपाखराला नोव्हेंबर ते मे असे सात महिने काढायचे असतात. आधी गारठा, मग कोरड, मग मे महिन्यातलं चाळिशीपार ऊन. लेकराला सांगताना "थंडीत कुठं जातं" याच्याबरोबर "पाऊस येईपर्यंत कसं राहतं" हेही सांगायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. आपलं अंग आतून गरम राहतं. फुलपाखराचं तसं नसतं. त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते. त्याच्या छातीतले पंख हलवणारे स्नायू साधारण तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून थंडीत सकाळी आठला झेंडूवर एकही फुलपाखरू दिसत नाही आणि अकरा वाजता चार-पाच दिसतात. सकाळी ते भिंतीवर, दगडावर पंख पसरून ऊन खात बसतं. आपले म्हातारे पारावर बसतात, तसंच.

अळीची बचत

फुलपाखराचे जन्माचे चार टप्पे असतात: अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू. यातली खाऊन खाऊन वाढते ती अळी. कोशाला तोंड नसतं. तो काही खात नाही, पीत नाही. मग इतके दिवस जगतो कशावर? अळीनं पानं खाऊन अंगात जी चरबी साठवली, तिच्यावर.

बचत गटातल्या बाईला हे वेगळं समजवायला नको. सुगीत बाजूला टाकलेलं टंचाईत पुरवायचं. पावसाळ्यात अळीचं पोट भरलं नाही, तर पुढं कोशाचा निभाव लागत नाही. लेकरं विचारतात, "कोशात ते गुदमरत नाही का?" तर नाही. कोशाच्या अंगावर बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून तो श्वास घेतो, अगदी हळू.

आता कोणतं फुलपाखरू हे सात महिने कसे काढतं ते पाहू. सगळ्यांची रीत एक नाही.

रुईवर राहणारं

मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, ती रुई लेकरांना माहीत असते. पडीक रानात, रस्त्याच्या कडेला ती भर उन्हाळ्यातही हिरवी असते. तिच्यावर एक केशरी फुलपाखरू अंडी घालतं. पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असतात. रुई वर्षभर हिरवी, त्यामुळं या फुलपाखराला लांब कुठं जावं लागत नाही. थंडीत त्याची वाढ फक्त मंदावते. आणि रुईचा विषारी चीक अळीच्या अंगात उतरतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

कोशात थांबणारं

आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याच मोसंबीवर, लिंबावर आणि दारातल्या कढीपत्त्यावर काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांचं एक फुलपाखरू अंडी घालतं. त्याला लिंबावरचं फुलपाखरू म्हणतात. अळी लहान असताना हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळं पक्षी तिला खात नाही. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढून उग्र वास सोडते.

ही अळी काडीवर कोश करते तेव्हा कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते. झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधतो, तसा. हिरव्या पानांत झालेला कोश बहुतेक हिरवा असतो, सुक्या काडीवरचा तपकिरी. उबेच्या दिवसांत तो आठ-दहा दिवसांत उघडतो. गारठ्यात मात्र त्याला कितीतरी आठवडे लागू शकतात.

रूप बदलणारं

हे सगळ्यात नवलाचं. संध्याकाळी दिवा लावला की कधीकधी एक मोठं तपकिरी फुलपाखरू घरात शिरतं. दिवसभर ते पाचोळ्यात बसून असतं आणि दिवेलागणीला उडतं. त्याची अळी गवत खाते. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूला गोल गोल डोळ्यांसारखे ठिपके असतात. पक्ष्यानं चोच मारलीच तर ती त्या खोट्या डोळ्यावर, पंखाच्या कडेला बसते आणि जीव वाचतो. थंडीत जन्मलेल्याला ते डोळे जवळजवळ नसतातच. त्याचा पंख मिटला की वाळकं पान. शिरा तशाच, डाग तसेच.

जात एकच, तरी दोन रूपं. कोणतं रूप घ्यायचं हे अळी असताना हवा किती गार होती, यावरून ठरतं. कोरड्या दिवसांतल्या माद्या अंडी घालणंही लांबणीवर टाकतात. गवत उगवेपर्यंत त्या पाचोळ्यात दबा धरून राहतात. पिवळं छोटं फुलपाखरू आपण नेहमी पाहतो. त्याच्याही पंखांखाली या दिवसांत तपकिरी डाग वाढतात.

निघून जाणारं

तरोट्यावर आणि बहाव्यावर वाढणारी फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं कधीकधी थव्यानं एकाच दिशेनं उडत जाताना दिसतात. जिथं कोवळा पाला, तिकडं ती जातात. या बाबतीत जगात नाव आहे ते अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचं. आपल्या रुईवरच्या फुलपाखराचंच ते चुलत भावंड. थंडी सुरू झाली की लाखो मोनार्क फुलपाखरं दक्षिणेला निघतात. काही तर चार हजार किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत पोचतात आणि तिथल्या झाडांना लगडून हिवाळा काढतात. उन्हाळ्यात परत उत्तरेला पोचतात ती मात्र त्यांची नातवंडं-पतवंडं असतात.

इथं थोडं जपून. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दिवाळीच्या सुमाराला कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. समोर बसलेल्या लेकरांपैकी कोणाचे आईबाप तिकडं असतात आणि ते आजीपाशी राहिलेलं असतं. "गेलेलं फुलपाखरू परत येत नाही, त्याची पिल्लं येतात," हे वाक्य त्याच्यासमोर तसंच टाकू नये. लेकरू ते मनात ठेवतं. अशा वेळी आम्ही सांगतो, "फुलपाखरू लहान, त्याचं आयुष्य थोडं. माणसाचं तसं नसतं. तुझी आई पट्टा पडला की येणार." मग इतर फुलपाखरांची गोष्ट सुरू करायची.

लेकरांना कसं शिकवायचं

तीन ते सहा वर्षांच्या लेकराला भाषण चालत नाही. त्याला अंग हलवायला लागतं. आम्ही अंगणवाडी ताईंच्या सोबतीनं करतो ते चार खेळ सांगतो. खर्च काहीच नाही.

पहिला, वाकळीतला कोश. एक लेकरू अळी होतं आणि सरपटत पानं खायचं सोंग करतं. बाकीची त्याच्या ओंजळीत सात खडे टाकतात. ही त्याची बचत. मग त्याला वाकळीत गुंडाळायचं, तोंड उघडं ठेवून. आपण एकेक महिना मोठ्यानं म्हणायचा, नोव्हेंबर, डिसेंबर, असं मेपर्यंत. दर महिन्याला त्यानं एक खडा बाहेर टाकायचा. मध्ये एक लेकरू थंडी होऊन फुंकर मारतं, एक ऊन होऊन येतं. कोश हलत नाही. सातवा खडा टाकला की सगळ्यांनी पाऊस व्हायचं, टाळ्या वाजवायच्या आणि वाकळ सोडायची. दुसऱ्या खेपेला ओंजळीत चारच खडे टाका. खडे कधी संपतात ते लेकरं स्वतःच सांगतात.

दुसरा, पाचोळ्यातला शोध. खाकी कागदाची दहा आणि लाल-पिवळ्या कागदाची दहा फुलपाखरं कापून पाचोळ्यावर टाकायची. लेकरं पक्षी. टाळी वाजेपर्यंत सापडतील तेवढी गोळा करायची. रंगीत भराभर सापडतात, खाकी मागं राहतात. वाळक्या पानाचं रूप घेण्यात फायदा काय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा, उन्हाची मोजणी. झेंडू किंवा तुळशीपाशी सकाळी आठला आणि पुन्हा अकराला उभं राहायचं. किती फुलपाखरं दिसली तेवढ्या रेघा भिंतीवर कोळशानं ओढायच्या. पहिली-दुसरीच्या लेकरांना यातून मोजणीही येते.

चौथा, एका झाडाशी मैत्री. गावातलं एकच रुईचं झुडूप ठरवायचं आणि दर आठवड्याला लांबून पाहून यायचं. अंडं पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढं असतं. आज अंडं, पुढच्या खेपेला पट्टेवाली अळी, मग लटकलेला कोश. दर वेळी चित्र काढायचं.

थोडी मोठी लेकरं असतील तर कढीपत्त्यावरची एक अळी बरणीत ठेवता येते. तोंडाला सुती कापड बांधायचं. रोज ताजा डहाळा घालायचा, लेंड्या झाडायच्या आणि एक सुकी काडी तिरपी ठेवायची. कोश झाल्यावर बरणी चुलीपाशी ठेवू नका. ऊब लागून फुलपाखरू अवेळी बाहेर येऊ शकतं. ते बाहेर येतं तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात. तास-दोन तास त्याला लटकू द्या, हात लावू नका आणि ऊन असताना सोडून द्या. कधी कोशाला बारीक भोक पडून आतून एक छोटी गांधीलमाशी निघते. तिनं अळीच्या किंवा कोशाच्या अंगात अंडी घातलेली असतात. लेकरं हिरमुसतात, पण खरं तेच सांगा. ही माशीही त्या बांधावरचीच आहे आणि पिकावरच्या किडी ती अशाच मारते.

तीन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. रुईचं पान लेकरांना तोडू देऊ नका. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुऊन तडक दवाखाना गाठा. केसाळ सुरवंटाला हात लावू द्यायचा नाही, त्याच्या केसांनी अंगाची आग होते. आणि फवारलेल्या बागेतली अळी किंवा पानं लेकराच्या हाती देऊ नका.

शेतकरणीचा प्रश्न

इथपर्यंत ऐकून एखादी ताई म्हणेल, "बाई, अळीचं कौतुक तुम्हाला. मोसंबीची नवती खाल्ली तर आम्ही काय करायचं?" प्रश्न खरा आहे. कलमं लहान असताना ही अळी पानं फस्त करते. तिथं अळ्या हातानं वेचणं हाच सोपा उपाय आहे आणि वेचलेल्यातल्या दोन-चार दारातल्या कढीपत्त्यावर सोडता येतात. मोठ्या झाडाला थोड्या अळ्यांनी सहसा फरक पडत नाही.

कपाशीची गुलाबी बोंडअळी मात्र वेगळी. ती पतंगाची अळी. तीही कोरडे दिवस थांबूनच काढते, किडक्या बोंडात आणि सरकीत दडून. तिचं थांबणं मोडायचं म्हणूनच कृषी विभाग सांगतो, की फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटी वेळेत काढून तिची विल्हेवाट लावा. उन्हाळी नांगरट आपण करतो तिचंही एक कारण हेच. घाटेअळीचे कोश मातीत असतात. ते वर येतात आणि उन्हानं, पक्ष्यांनी संपतात. म्हणजे कीड कुठं आणि कोणत्या रूपात थांबते, हे ज्या बाईला कळलं तिला तिचा बंदोबस्त करता येतो. आणि राखायचं ते कुठं थांबतं, हेही तिला कळतं. लेकराला अंगणवाडीत हे शिकवलं, तर उद्या शेतात त्याला सगळी अळी एकसारखी दिसणार नाही.

पाचोळ्याची विनंती

आता विनंती. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडं अंगण झाडून पाचोळ्याला काडी लावायची आणि बांध पेटवून द्यायचा, अशी सवय पडली आहे. स्वच्छ दिसतं, खरं आहे. पण वाळक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू त्याच पाचोळ्यात बसलेलं असतं. काडीला बांधलेला कोश त्याच बांधावर असतो. गांधीलमाशी आणि कोळीही तिथंच. कोशाला पाय नाहीत, त्याला पळता येत नाही. धूर तर आपल्याच घरात येतो, खोकणाऱ्या लेकराला आणि म्हातारीला बाधतो.

पऱ्हाटी शेतातून काढाच. पण बांध पेटवू नका. अंगणातला पाचोळा गांडूळखताच्या खड्ड्यात टाका, गटाला खत मिळेल. आणि परसात, न्हाणीच्या मागं किंवा कुंपणाच्या कडेला, एक वाकळ अंथरता येईल एवढा कोपरा जून महिन्यातल्या पहिल्या पावसापर्यंत तसाच राहू द्या. तिथं एखादा नासका पेरू नाहीतर केळ्याचं साल टाकलं, तर दिवेलागणीला ते तपकिरी फुलपाखरू रस प्यायला येऊ शकतं. साप-विंचवाची भीती वाटत असेल तर कोपरा घरापासून लांबचा निवडा आणि लेकरांनी तिथं हात घालायचा नाही, लांबूनच बघायचं.

आमच्या गटांना आम्ही सांगितलंय, की पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या लेकराला त्या कोपऱ्यात काय दिसलं ते विचारून यावं. हप्त्याच्या नोंदीनंतर पाच मिनिटं त्यासाठी ठेवू. तुम्हीही तुमच्या गटात ठेवा, आणि पाऊस पडल्यावर कोपऱ्यातून काय निघालं ते आपल्या रेडिओला जरूर कळवा.